'सर, आपली निवड झालीये': सेंद्रिय शेतीचे विकाऊ पुरस्कार आणि त्यामागून येणारं बिल

फोन बहुतेकदा दुपारी येतो, जेवण उरकून माणूस ओट्यावर जरा टेकलेला असतो तेव्हा. "नमस्कार सर, अभिनंदन! सेंद्रिय शेतीतल्या योगदानाबद्दल राज्यस्तरीय पुरस्कारासाठी आपली निवड झालीये." नाव, गाव, पीक, सगळं समोरच्याला ठाऊक असतं. आपलं काम एवढं लांब पोचलं, या विचारानेच माणूस अर्धा विरघळतो. ती माहिती आलेली असते कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवरच्या वहीतून, शेतकरी कंपनीच्या सभासद यादीतून, नाहीतर व्हॉट्सॲपवर त्यानेच टाकलेल्या 'घरची सेंद्रिय हळद मिळेल' या मेसेजमधून.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका हळद उत्पादकाचं प्रकरण इथे उलगडून ठेवतो आहोत. माणूस खोटा नाही. चार वर्षं रासायनिक खत बंद, शेणखत, जीवामृत, निंबोळी अर्क असं सगळं नीट चाललेलं. फसला तो पुरस्कारात, आणि त्याहून जास्त पुरस्काराच्या मागून आलेल्या कागदात.

पहिल्या फोनवर पैशाचं नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशी गुगल फॉर्म आला आणि 'फक्त नोंदणी' म्हणून २,१०० रुपये. आठवड्याने 'ज्युरीने नाव फायनल केलं' असा मेसेज आणि सहभाग शुल्क १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. मग घरच्या तिघांचे पास, प्रत्येकी २,५०० प्रमाणे ७,५००. फोटो-व्हिडिओचे ३,०००. गौरव पुस्तिकेत अर्धं पान हवं तर ५,०००, आणि नको म्हटलं की "सर, सगळ्यांचं आहे, आपलंच नसेल तर बरं दिसणार नाही." बेरीज २९,४००. पुण्याला जाणं-येणं, मुक्काम, नवा कोट हे वेगळं.

यातली एकही रक्कम अशी नाही की ऐकून माणूस फोन ठेवून देईल. कोणत्याही टप्प्यावर मागे फिरायचं तर आधी भरलेले बुडतात, आणि तोवर गावात बातमी झालेली असते. तिसऱ्या हप्त्यापर्यंत मुलाच्या स्टेटसवर 'बाबांना राज्यस्तरीय पुरस्कार' लागलेलं होतं. त्यानंतर नाही म्हणणार कोण?

हॉटेलच्या हॉलमध्ये त्या दिवशी ऐंशीच्या वर पुरस्कारार्थी होते. मंचावर मानधन घेऊन आलेली एक मालिकेतली अभिनेत्री आणि एक माजी लोकप्रतिनिधी. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसेक सेकंद: नाव, फेटा, ट्रॉफी, फोटो, पुढचा. विभागांची नावं ऐकली असती तर कुणालाही शंका आली असती. 'उत्कृष्ट सेंद्रिय हळद उत्पादक, मराठवाडा', 'प्रेरणादायी सेंद्रिय भाजीपाला उद्योजक', 'सेंद्रिय गूळ नवउद्योजक'. पैसे भरणारा आधी ठरतो, विभाग त्याच्या मापाने मागाहून शिवला जातो. त्यामुळे हरलेला स्पर्धक कधीच भेटत नाही.

आता बिलाकडे बघा, कारण खरी गोम तिथे आहे. जीएसटीचं बिल दिलं म्हणजे कारभार सरळ, असं बऱ्याच जणांना वाटतं. या बिलावर 'पुरस्कार' हा शब्दच नव्हता. सेवेचा कोड ९९८५९६ आणि पुढे 'इव्हेंट सहभाग व प्रसिद्धी सेवा'. खाली बारीक अक्षरात 'भरलेलं शुल्क परत मिळणार नाही'. उद्या तक्रार केली तर ते सांगणार की यांनी आमच्याकडून प्रसिद्धी घेतली, आम्ही ती दिली. फोनवर 'निवड', कागदावर 'सेवा'. म्हणून फोनवरचं बोलणं फोनवर ठेवू नका. "निवडीचे निकष आणि ज्युरींची नावं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा" म्हणा. पाठवलं तर पुढे पुरावा होतो, नाही पाठवलं तर त्यातच उत्तर मिळालं.

पत्रिकेच्या तळाशी जे शिक्के असतात त्यांचंही सांगून टाकतो. 'एमएसएमई नोंदणीकृत' म्हणजे उद्यम नोंदणी, जी कुणीही घरबसल्या फुकट काढतो. 'नीती आयोग दर्पण क्रमांक' म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंद, नीती आयोगाने त्या संस्थेला दिलेली शाबासकी नव्हे. 'आयएसओ ९००१' हे कार्यपद्धतीच्या व्यवस्थापनाचं मानक आहे, त्याचा तुमच्या हळदीशी काडीचा संबंध नाही. पुरस्कारासोबत 'मानद डॉक्टरेट' चिकटवणारेही आहेत. पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांना आहे, इव्हेंट कंपनीला नाही.

इथपर्यंत नुकसान तीस हजारांचं आणि थोडं अहंकाराचं. खरा खड्डा पुढे होता.

सोहळ्यानंतर आठ दिवसांनी त्याच कार्यालयातून दुसरा फोन. "सर, आता आपण पुरस्कार विजेते. सेंद्रिय प्रमाणपत्र नसेल तर निर्यातदार घेणार नाही. आमच्या सहयोगी संस्थेकडून १५ दिवसांत करून देतो, तीन वर्षांची वैधता, ३५,०००." पैसे गेले, प्रमाणपत्र आलं. जाड खडबडीत कागद, कडेला सोनेरी वेलबुट्टी, मधोमध हिरवं पान, 'शंभर टक्के सेंद्रिय' असे शब्द आणि खाली क्यूआर कोड. कोड स्कॅन केला तर त्याच्या नावाचं पान उघडायचं, म्हणून खरं वाटलं. पण क्यूआर कोड हा नुसता पत्ता असतो. उघडलेलं पान कोणाच्या संकेतस्थळावर आहे ते वर बघायचं. ते त्याच कंपनीचं होतं.

हा कागद खोटा आहे हे हातात न घेताही ओळखता आलं असतं, नुसत्या 'पंधरा दिवस' या शब्दांवरून. एनपीओपी हा आपला राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रम २००१ पासून आहे आणि अपेडा, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तो चालवते. त्यात हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षांचा आणि बहुवार्षिक पिकांना पहिल्या काढणीआधी तीन वर्षांचा रूपांतरण काळ, म्हणजे जमीन रासायनिकवरून सेंद्रियवर आणायचा काळ, आहे. सर्वसाधारणपणे हा काळ प्रमाणन संस्थेकडे नोंदणी झाल्यापासून मोजतात. चार वर्षं मनापासून सेंद्रिय केलं, पण नोंद कुठेच नाही, तर ती वर्षं धरून घेण्यासाठी पुरावे लागतात आणि निर्णय प्रमाणन संस्था तपासणी करूनच घेते. पंधरा दिवसांत, तेही शेतात पाऊल न टाकता, कोणीही पूर्ण सेंद्रियचा दाखला देऊ शकत नाही.

खरं सेंद्रिय प्रमाणपत्र, ज्याला स्कोप सर्टिफिकेट म्हणतात, वर्षाचं असतं, तीन वर्षांचं नाही. त्यावर प्रमाणन संस्थेचा अधिस्वीकृती क्रमांक असतो, सुरुवात 'एनपीओपी/एनएबी' अशी, इंग्रजीत. जोडपत्रात पीकवार क्षेत्र, अंदाजे उत्पादन आणि जमीन रूपांतरणात आहे की पूर्ण सेंद्रिय झाली आहे हे लिहिलेलं असतं. अधिस्वीकृत संस्थांची यादी अपेडाच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नाव नसेल तर पुढे एक शब्द बोलायचं कारण नाही. यादीत असेल तरी त्या संस्थेच्या कार्यालयात स्वतः फोन करून प्रमाणपत्र क्रमांक सांगा, कारण खऱ्या संस्थेच्या नावाने खोटं छापणारेही आहेत.

हळदीचं काय झालं? १२ क्विंटल माल दाखवल्यावर खरेदीदाराने टीसी मागितली. टीसी म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, विक्रीच्या प्रत्येक लॉटचं वेगळं. ते अपेडाच्या ट्रेसनेट या ऑनलाइन व्यवस्थेतून निघतं आणि विकलेला माल तुमच्या नोंदलेल्या उत्पादनातून वजा होतो. नावच ट्रेसनेटवर नाही तर टीसी निघणार कुठून? खरेदीदाराने एक मिनिटात कागद परत केला. हळद हिंगोलीच्या मार्केट यार्डात साध्या हळदीच्या ढिगात गेली, साध्या भावाने. आणि घरी 'जैविक भारत' हे प्रमाणित सेंद्रिय अन्नाचं सरकारी बोधचिन्ह छापलेले दोन हजार पाउच पडून.

ते पाउच ही नुसती वाया गेलेली छपाई नाही. सेंद्रिय अन्नाचे २०१७ चे नियम जुलै २०१८ पासून लागू आहेत. प्रमाणन नसताना ते बोधचिन्ह वापरलं तर जबाबदारी पाउचवर ज्याचं नाव त्याची. अन्न सुरक्षा कायद्यात चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फसवला गेलेला माणूस पुढच्या ग्राहकाच्या दारात फसवणारा म्हणून उभा राहतो. छोट्यांना सवलत आहे: वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणन सक्तीचं नाही. बोधचिन्ह मात्र त्यालाही वापरता येत नाही.

देशातच विकायचं असेल तर पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायची सरकारी पद्धत, हा मार्ग हाताशी होता आणि त्याला ३५ हजार लागले नसते. गावातले किंवा जवळपासचे किमान पाच शेतकरी गट करतात, शपथ घेतात, एकमेकांच्या शेताची तपासणी करतात, नोंद पोर्टलवर जाते. रूपांतरणात 'ग्रीन', पूर्ण झाल्यावर 'ऑरगॅनिक'. हे निर्यातीला चालत नाही, आणि कोणी "पीजीएसवर युरोपला पाठवू" म्हणत असेल तर तोही त्याच माळेतला मणी. निर्यातच करायची तर एनपीओपीखाली २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करता येतो. खर्च वाटला जातो, कागदपत्रं मात्र दर हंगामाला लिहावी लागतात आणि गट तिथेच मोडतात.

अजून एक प्रकार, जो आता वाढलाय. पुरस्काराची फी माफ, उलट जाण्या-येण्याचा खर्च ते देतात. प्रायोजक असतो 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' कीडनाशकाची एखादी बाटली विकणारा. विजेत्याचा ट्रॉफीसह फोटो बाटलीच्या जाहिरातीवर चढतो आणि बाटली त्याने स्वतःच्या पिकावर मारावी असा आग्रह असतो. अशा बाटल्यांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं असू शकतं. एका फवारणीत थ्रिप्स (फुलकिडे) साफ झाले की खूश होऊ नका, तिथेच संशय घ्या, कारण निंबोळी अर्काचं काम इतकं झटपट नसतं. नोंदणीकृत कडुनिंब औषधावर अझाडिरॅक्टिन या कडुनिंबातल्या कीडनाशक घटकाचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग), ३०० किंवा १५०० किंवा १०,००० असं, आणि कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. 'गुप्त फॉर्म्युला' छापलेलं असेल तर बाटली तिथेच ठेवा. नमुना तपासणीत ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो इतका अंशही सापडतो, आणि तो सापडला की खरं प्रमाणपत्र असलेल्याचंही निलंबित होऊ शकतं, गटातल्या बाकीच्यांसकट.

खरा सन्मान कसा चालतो हे माहीत असलं की तुलना सोपी जाते. राज्य शासनाच्या पुरस्कारांत वसंतराव नाईक, जिजामाता, उद्यानपंडित यांच्यासोबत 'कृषिभूषण (सेंद्रिय शेती)' हा स्वतंत्र पुरस्कार आहे. विकाऊ पुरस्कारांची नावं मुद्दाम याच्या आसपास ठेवतात: कृषिभूषण गौरव, कृषिरत्न सन्मान. सरकारी प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे सातबारा, आठ-अ आणि कामाच्या माहितीसह द्यायचा असतो. कोणी फोन करून निवड कळवत नाही. विजेत्यांची नावं शासन निर्णयात येतात, आणि शासन निर्णयाला १८ आकडी संकेतांक असतो, सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस. तो संकेतांक राज्याच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. पैसे शासन देतं, शेतकरी नाही. पद्म पुरस्कारांचं नामांकनही राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर विनामूल्य आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली त्याच्या कितीतरी आधीपासून लोक त्यांची देशी वाणांची बीजबँक बघायला येत होते.

खासगी पुरस्कार सगळेच बोगस नाहीत, काही संस्था मन लावून शोध घेतात. त्यांना तीन प्रश्न विचारा: शेत बघायला कोण आणि कधी येणार? गेल्या वर्षी याच विभागात कोण होतं, त्यांचा नंबर मिळेल का? एकही रुपया भरला नाही तरी पुरस्कार मिळेल का? खऱ्या संस्थेला हे प्रश्न टोचत नाहीत.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम खात्यातच अडवता येण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, 'एक्सपोर्ट' करून स्वतःला मेल करा. पोलीस तक्रारीत 'पुरस्कार मिळाला पण' अशी सुरुवात केली तर ठाण्यात हसतात. प्रमाणपत्रापासून सुरुवात करा: अधिकार नसताना सेंद्रिय प्रमाणपत्र विकलं, ही फसवणूक स्पष्ट दिसते, आणि त्याची प्रत अपेडालाही पाठवा. पुरस्काराच्या शुल्कासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे 'धंद्यासाठी घेतलेली सेवा' असा आक्षेप येतोच, म्हणून ही शेती घरच्या पोटापाण्यासाठीची आहे हे अर्जातच लिहा.

पाउच जाळू नका, पुरावा म्हणून पाचपन्नास बाजूला ठेवा. बाकीच्यांवर बोधचिन्ह आणि 'प्रमाणित' हा शब्द पूर्ण झाकेल असं स्टिकर लावायचं असेल तर आधी जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला विचारा. आणि असा माल दुकानात गेला असेल तर तो आधी परत आणा.