हवामानाच्या आकड्यांची कार्डं: पाठांतराला झकास, पण एक कार्ड कमी

"क्लास जी, रात्र, 1,200 फुटांच्या वर. सांग पटकन!" नवरा कार्ड नाचवत विचारायचा आणि मी भांडी घासता घासता म्हणायचे, "तीन, एक-पाच-दोन." म्हणजे क्लास जी या कंट्रोलरचं नियंत्रण नसलेल्या आकाशात नुसत्या नजरेने उडायला निदान इतकं हवं: दृश्यमानता 3 मैल, ढगाच्या वर 1,000 फूट, खाली 500, बाजूने 2,000. एकोणतीसचा पाढासुद्धा मी इतक्या चिकाटीने घोकला नव्हता.

एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या प्रायव्हेट पायलट लेखी परीक्षेसाठी घेतलेला हा 22 कार्डांचा संच. लॅमिनेशन उत्तम, चहा सांडला तरी पुसून साफ. पुढे एअरस्पेस, म्हणजे आकाशाचा बी, सी, डी असा वर्ग, मागे आकडे. 'एक-पाच-दोन' म्हणजे सेसना 152 हे छोटं शिकाऊ विमान, ही जुनी युक्ती चित्रासकट दिलीय. क्लास सी, डी आणि 10,000 फुटांखालचा ई यांचे आकडेही 'तीन, एक-पाच-दोन'च, म्हणून एका दमात पाठ होतात. त्यावर गेलात की 'पाच, एक-एक-एक': दृश्यमानता 5 मैल, ढगाच्या वर 1,000 फूट, खाली 1,000, बाजूने 1 मैल. इथवर पैसे वसूल.

घोळ पुढे आहे. '500 खाली' म्हणजे कोण कोणाच्या खाली? मी ढगाच्या, की ढग माझ्या? कार्डावर नुसता बाण. सराव परीक्षेत मी बरोब्बर उलटा पर्याय निवडला. खाली असायचं ते आपण, ढग डोक्यावर. शेवटी मार्करने बाणाच्या टोकाला मीच एक इवलंसं विमान काढलं.

कारणं तर कुठेच नाहीत. क्लास बीमध्ये 3 मैल दिसलं आणि ढगात शिरला नाहीत की झालं, एवढी सूट का? कारण तिथे कंट्रोलर प्रत्येक विमान दुसऱ्यापासून लांब ठेवतो. 10,000 फुटांवर आकडे का वाढतात? खाली 250 नॉटची वेगमर्यादा असते, वर ती सुटते; समोरचं जेट दिसेपर्यंत अंगावर आलेलं असतं. हे इन्स्ट्रक्टरने फळ्यावर दोन मिनिटांत दाखवलं. त्यानंतर 'पाच, एक-एक-एक' कधी चुकलं नाही.

आता एक तारा कशासाठी कापला ते. क्लास जी, दिवसा, 1,200 फुटांपर्यंत: 1 मैल, ढगाबाहेर. मी इन्स्ट्रक्टरला ऐटीत सांगितलं.

"आणि तू सोलो, म्हणजे विमानात एकटीच, असशील तर?"

मी गप्प. स्टुडंट पायलटला दिवसा 3 मैलांपेक्षा आणि रात्री 5 मैलांपेक्षा कमी दिसत असेल तर सोलो उडायची परवानगीच नाही, मग एअरस्पेस कुठलाही असो. विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकलेल्या संचात नेमकं हेच कार्ड नाही! तेविसावं मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर केलं. नवरा हल्ली पहिलं तेच काढतो.