कुडाळच्या सिम्युलेटरवर दीड तास : टॉवर गप्प, धावपट्टी समोर

पावसाळ्यात गावी आलो की उड्डाणाचा सराव तुटतो, म्हणून यंदा कुडाळमधील एका खाजगी सिम्युलेटर केंद्रात दीड तासाचे सत्र घेतले. व्हिज्युअल ॲप्रोचमध्ये, म्हणजे धावपट्टी डोळ्यांनी पाहत उतरायला येताना, रेडिओ बंद पडल्यास काय करायचे, हा विषय मीच मागून घेतला होता. पडद्यावर चिपीचे सिंधुदुर्ग विमानतळ होते आणि सड्यावरची ती अडीच हजार मीटरची धावपट्टी बरीच हुबेहूब उतरली आहे.

बेस लेगवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत येण्याआधीच्या आडव्या टप्प्यावर, वळताच रेडिओचा आवाज गेला. मी घाईघाईने ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा संकेतांक लावला आणि त्या गडबडीत दीडशे फूट जास्त खाली आलो. प्रशिक्षकांनी चित्र थांबवून आसनाखाली बोट दाखवले, तर हेडसेटचा प्लग अर्धा बाहेर होता. तो त्यांनीच ओढला होता! आधी विमान सांभाळायचे, मग आवाजाची कळ, फ्रीक्वेन्सी, प्लग आणि दुसरा रेडिओ पाहायचा, त्यानंतर ७६००, आणि आपल्याला ऐकू येत नसले तरी टॉवरला ऐकू जात असेल असे धरून आपली जागा व हेतू सांगत राहायचे, हा क्रम त्यांनी चार वेळा करून घेतला. ॲप्रोचची परवानगी मिळाली म्हणजे उतरण्याचीही मिळाली असे नव्हे, हे मला तिथे नीट उमगले. म्हणूनच रेडिओ नसताना टॉवर ज्या दिव्याने इशारे देतो, त्यावर नजर हवी. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. हिरवा दिसताच मी फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, पंख हलवून इशारा मिळाल्याची पोच देऊ लागलो, तेव्हा त्यांनी हात धरला. बेस आणि फायनलवर तशी पोच अपेक्षित नसते.

उणीव एकच, पण मोठी. पडद्यावरचा दिवा पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसतो. दुपारच्या लखलखाटात किंवा पावसाने धुरकटलेल्या काचेतून तो शोधावा लागतो, ती धडपड इथे होतच नाही. बोलण्याचे बटणही अधूनमधून अडकते, ते मात्र या विषयाच्या पथ्यावर पडले, कारण अडकलेले बटण सगळ्यांचीच फ्रीक्वेन्सी अडवते.

शुल्क ठरले तेवढेच घेतले. दिवा लहान करण्याची सूचना त्यांनी लिहून घेतली आहे. पुढचे सत्र मी रात्रीचे मागितले आहे, कारण तेव्हा पोच लँडिंग लाइट दोनदा चालू-बंद करून द्यायची असते आणि ती कळ अंधारात माझ्या हाताला अजून सापडत नाही.