लेस्टर ते सॉलिहल: जुन्या मोटारसायकलींच्या भेटीला एक दिवस

लेस्टरमधल्या आमच्या मोटारसायकल क्लबने जूनमध्ये सॉलिहलजवळच्या नॅशनल मोटारसायकल म्युझियमची एकदिवसीय राइड काढली होती. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा येथे पाहुणा म्हणून येणाऱ्या प्रत्येक बुलेटप्रेमी मराठी माणसाने हे संग्रहालय पाहावे, असे मी मनापासून सांगेन. क्लबच्या वेळापत्रकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे.

प्रवासाची व्यवस्था उत्तम होती. बावीस गाड्या एका रांगेत टिकत नाहीत, म्हणून प्रत्येक वळणावर म्होरक्याच्या मागचा स्वार थांबतो, बाकीच्यांना दिशा दाखवतो आणि पिवळे जाकीट घातलेला शेवटचा स्वार दिसला की पुन्हा रांगेत शिरतो. त्यामुळे पुढच्याला गाठण्यासाठी कोणालाच गाडी दामटावी लागत नाही. रोमन काळातल्या सरळसोट फॉस वे या रस्त्यावरून जाताना आमच्यातले नवखेही निर्धास्त होते. मेरिडनजवळचा ट्रायम्फ या ब्रिटिश मोटारसायकल कंपनीचा कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. त्या जागी आता घरे आहेत आणि तेथील एका गल्लीला ट्रायम्फच्या गाजलेल्या बॉनव्हिल गाडीवरून बॉनव्हिल क्लोज असे नाव आहे. तेथे पाच मिनिटे थांबल्याने पुढे जे पाहायचे होते त्याची मनाची तयारी झाली.

संग्रहालय १९८४ मध्ये सुरू झाले. पाच दालनांत हजारांहून अधिक गाड्या आहेत आणि त्या ब्रिटिश बनावटीच्या आहेत. सप्टेंबर २००३ मध्ये निष्काळजीपणे टाकलेल्या सिगारेटमुळे येथे आग लागली आणि सुमारे ३८० गाड्या तिच्या तडाख्यात सापडल्या. तरीही त्यांतल्या अनेक दुरुस्त करून डिसेंबर २००४ मध्ये दारे पुन्हा उघडली. हे ठाऊक असले की टाक्यांवरच्या सोनेरी रेघा पाहताना त्यामागचे कारागिरांचे कष्टही जाणवतात. सर्वांत जुन्या गाड्यांपाशी रेंगाळावे: कार्बाइडवर जळणारे दिवे, टाकीच्या बाजूला हाताने बदलायचा गिअर, चालत्या गाडीवर स्वारानेच हाताने दाबायचा तेलाचा पंप.

माझा मात्र सर्वाधिक वेळ रॉयल एनफील्डपाशी गेला. जवळच्याच रेडिचमध्ये बनणारी बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली आणि तीच पुढे आमच्या साताऱ्याच्या अंगणात उभी राहिली. हेडलाइटच्या वरचे दोन छोटे दिवे आणि त्यांच्या मधला अँपिअर मीटर पाहताच वडिलांचे शब्द आठवले: "काटा मध्यावर आण, लिव्हर दाबून किक जराशी खाली ने, सोड, आणि मग अंगाचा सगळा भार टाक." (हा लिव्हर इंजिनातला दाब सोडतो.) आपल्याकडे बुलेटचा गिअर उलटा म्हणतात, कारण तो उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. येथे नॉर्टन, बीएसए, ट्रायम्फ अशा एकामागून एक गाड्यांना मी वाकून पाहिले. पायाने गिअर बदलायच्या जुन्या गाड्यांत तो उजवीकडेच होता. अमेरिकेच्या नियमांमुळे १९७०च्या दशकात ब्रिटिश कारखान्यांनी तो डावीकडे नेला. म्हणजे आपली बुलेट उलटी नव्हती, तिने जुनी रीत सोडली नव्हती इतकेच. वडिलांना हे त्याच संध्याकाळी फोनवर सांगितले.

आता तक्रार. क्लबने संग्रहालयासाठी दोनच तास ठेवले होते. हजार गाड्यांना दोन तास म्हणजे एका गाडीला जेमतेम सात सेकंद. त्याउलट वाटेतल्या एका उपाहारगृहात आम्ही जेवणाची वाट पाहत तासाहून अधिक वेळ घालवला, कारण बावीस जण येणार असल्याचे कोणी आधी कळवलेच नव्हते. पुढच्या वेळी डबे बरोबर घ्यावेत आणि वाचलेला वेळ दालनांना द्यावा, असे मी क्लबला लेखी कळवले आहे. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी किमान चार तास हाताशी ठेवावेत. वेलोसेट या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या गाड्या पाहायच्या राहिल्या आहेत. त्यांच्यासाठी मी पुढच्या महिन्यात एकटाच जाणार आहे.