पाण्याचं यंत्र: कोटेशनवर की ई-निविदेनं?

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ग्रामपंचायतीनं आरओ यंत्र, म्हणजे खारं पाणी गाळून गोड करणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं की पैशाची सोय होऊ शकते. १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी-स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. घोळ होतो तो खरेदीत.

कोटेशनची पद्धत, म्हणजे तीन दुकानदारांकडून लेखी दर मागवून खरेदी करणं, झटपट. दुकानदार तालुक्याचा, फिल्टर तुंबला तर फोनवर येतो. पण फाईल उघडून पाहा: लेटरहेड तीन, 'मेंब्रेन' (यंत्रातली गाळणी) लिहिताना झालेली चूक तिन्हींवर तीच, प्रिंटरची पुसट रेघही त्याच जागी. दोन कोटेशनं नुसती शोभेची! ज्या रकमेपुढे ई-निविदा सक्तीची होते ती मर्यादा टाळायला यंत्र, टाकी, शेड, वायरिंग अशी बिलंही वेगवेगळी पाडतात.

ई-निविदेत, म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या जाहीर बोलीत, बाहेरचा पुरवठादार येऊ शकतो, दर सगळ्यांना दिसतो. तिथली चलाखी अटींत असते: उलाढाल, अनुभव असं मापच घ्यायचं की एकालाच अंगरखा बसावा. शिवाय दर पाडून काम घेणारा दूरचा ठेकेदार बिल निघालं की फिरकत नाही. यंत्र बंद, अन् बाया पुन्हा खाऱ्या हापशीवर.

बल्ब-झाडूला कोटेशन पुरे. यंत्राला मात्र ई-निविदाच बरी, पण देखभालीची अट लिहून आणि काही रक्कम राखून. दोन्हीकडे यंत्र न चालवताच मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाच्या नोंदवहीत) काम झाल्याची नोंद होऊ शकते. ती पुस्तिका, कोटेशनं आणि देयकं माहिती अधिकारात, २००५च्या कायद्यानं, कोणत्याही गावकऱ्याला मागता येतात.