सीएसआर निधीच्या नावाखाली आमच्या न्यासाची झालेली फसवणूक

रत्नागिरी जिल्ह्यात मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एका लहान सार्वजनिक न्यासाचा मी सचिव आहे. एका मोठ्या कंपनीचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे ज्याला सगळेच सीएसआर म्हणतात, तो मिळवून देतो असे सांगून एका इसमाने २०२५ च्या सुरुवातीला आमच्याकडून २ लाख ८५ हजार रुपये घेतले. त्याच निमित्ताने हाती आलेली आमची कागदपत्रे आणि रुग्णांची छायाचित्रे वापरून त्याने आमच्या नावाने परस्पर देणग्याही गोळा केल्या. तपास चालू असल्यामुळे त्या इसमाचे, त्याने जिचे नाव वापरले त्या कंपनीचे आणि आमच्या न्यासाचे नाव येथे देत नाही. त्याने वापरलेली पद्धत मात्र पूर्ण लिहीत आहे, कारण आमच्यासारख्या अनेक लहान संस्थांच्या दारात असे लोक येत असतात.

आमची गरज नेमकी काय आहे हे सांगितल्याशिवाय ही फसवणूक कशी शक्य झाली ते कळणार नाही. आमच्या भागात आंब्याच्या किंवा नारळाच्या झाडावरून पडून, बांधकामावरून कोसळून किंवा दुचाकीच्या अपघातात कणा मोडलेले तरुण मोठ्या संख्येने दिसतात. कोल्हापूरला किंवा मुंबईला शस्त्रक्रिया होते, काही आठवड्यांनी माणूस घरी येतो आणि खरा खर्च तेथून पुढे सुरू होतो. कमरेखालची किंवा मानेखालची संवेदना गेल्यामुळे एका जागी दाब पडत राहिला तरी त्याला ते कळत नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलावे लागते, आणि हे चुकले की शय्याव्रण, म्हणजे सततच्या दाबाने होणारी जखम, होते, जे हाडापर्यंत गेले तर जिवावर बेतते. लघवीवरचे नियंत्रण गेल्यामुळे दिवसातून चार ते सहा वेळा कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची नळी, घालावा लागतो, आणि त्यात अस्वच्छता राहिली तर मूत्रमार्गातला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. हा खर्च जन्मभराचा आहे. चाकाच्या खुर्च्या देणारे दाते भेटतात, त्यांचे उपकार आम्ही मानतोच. पण दरमहा लागणारे कॅथेटर, युरिन बॅग, दाब विभागणारी उशी आणि घरी जाऊन जखमा धुणाऱ्या परिचारिकेचा पगार यांसाठी पैसे देणारा दाता फार क्वचित मिळतो. वर्षानुवर्षे आमची ओढाताण होते ती या खर्चापायी.

जानेवारीत आलेल्या त्या गृहस्थाने बोलण्याची सुरुवात याच खर्चापासून केली. खुर्च्यांचे वाटप खूप झाले, तुम्हाला घरपोच सेवेसाठी तीन वर्षांचा निधी हवा, असे तो स्वतःहून म्हणाला. पॅराप्लेजिक (पाय अधू झालेले) आणि क्वाड्रिप्लेजिक (हात-पाय दोन्ही अधू झालेले) रुग्णांच्या गरजांमधला फरक त्याला माहीत होता, उशीविना दिलेली खुर्ची जखम करते हेही त्याला ठाऊक होते. आमच्याशी इतक्या जाणतेपणाने त्यापूर्वी कोणताही निधी देणारा बोलला नव्हता, आणि विश्वास बसला तो त्यामुळेच. फसवणारा माणूस मोठ्या रकमेचे आमिष दाखवतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. या माणसाने ४२ लाखांच्या निधीचा आकडा अगदी शेवटी सांगितला. त्याआधी त्याने आमचे दुखणे आमच्याच शब्दांत आम्हाला ऐकवले होते.

त्यानंतर कंपनीच्या नावाने ईमेल आले, शिक्का आणि सही असलेले मंजुरीपत्र आले, आणि पैशांची मागणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिली मागणी प्रकल्प अहवालाच्या शुल्काची होती, ४० हजारांची, आणि व्यावसायिक कामाचा मोबदला म्हणून ती कोणालाही रास्त वाटली असती. मग सीएसआर-१ नोंदणीचे सरकारी शुल्क, त्यानंतर करारावरील मुद्रांक शुल्क आणि शेवटी परत मिळणारी सुरक्षा ठेव म्हणून दीड लाख रुपये मागितले गेले. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्या खात्यावर पाठवण्यास सांगितले जाई. ३१ मार्चपूर्वी ठेव भरली नाही तर निधी परत जाईल, असा तगादा मार्चमध्ये रोज सुरू झाला. आंब्याचा हंगाम तोंडावर होता, झाडावरून पडलेले नवे रुग्ण याच काळात येतात, आणि मंजूर झालेला निधी हातचा जाईल या धास्तीने विश्वस्त मंडळाने ठेवही भरली.

यातले काय खोटे होते ते नीट सांगतो, कारण कायद्यातल्या या चार गोष्टी ठाऊक असलेल्या संस्थेला या मार्गाने फसवणे अवघड आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य (नेटवर्थ) ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये इतका किंवा त्याहून अधिक असतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा पैसा कंपनीकडून संस्थेकडे जातो. उलट दिशेने, संस्थेकडून कंपनीकडे किंवा मध्यस्थाकडे ठेव, अग्रिम कर अथवा विमा म्हणून काही भरण्याची तरतूद त्यात कोठेही नाही. १ एप्रिल २०२१ पासून निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो हे खरे आहे. पण त्या अर्जाला सरकारी शुल्क नाही, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायच्या या अर्जासाठी आपल्या सीएने प्रमाणित करण्याचा मोबदला घेतला तर तेवढाच खर्च येतो. मार्चअखेरचा धाकही पोकळ होता. काम अनेक वर्षांचे असेल तर न खर्चलेली रक्कम कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती पुढील तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्च करता येते. मंजूर झालेला तीन वर्षांचा प्रकल्प ३१ मार्चच्या रात्रीत रद्द होत नाही.

एप्रिलनंतर त्याचा फोन बंद झाला. कंपनीच्या मुख्य कार्यालयात, तिच्या वार्षिक अहवालात छापलेल्या क्रमांकावर आम्ही विचारणा केली, तेव्हा असा प्रकल्प नाही, असा अधिकारी नाही आणि मंजुरीपत्र बनावट आहे असे लेखी उत्तर दोन दिवसांत मिळाले. ही एक विचारणा जानेवारीतही तितकीच सोपी होती, आणि प्रत्येक संस्थेने पहिला रुपया देण्याआधी ती करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मंजुरीपत्रावर छापलेला क्रमांक यासाठी उपयोगाचा नाही, कारण तो फसवणाऱ्याचाच असतो.

इथवर नुकसान पैशांचे होते. जूनमध्ये पुण्याच्या एका ज्येष्ठ दात्यांचा फोन आला की फेब्रुवारीत दिलेल्या १५ हजारांच्या देणगीचे १०बीई प्रमाणपत्र त्यांना मिळालेले नाही. ८०जी सवलतीसाठी, म्हणजे देणगीवर दात्याला मिळणाऱ्या आयकर सवलतीसाठी, प्रत्येक संस्थेने वर्षभरातील देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरायचे असते आणि त्यावरून हे प्रमाणपत्र निघते. आमच्या विवरणात त्यांचे नाव नव्हते, कारण ते पैसे आमच्याकडे आलेच नव्हते. त्यांना मिळालेले आवाहन आमच्या लेटरहेडवर होते, त्यावरचा धर्मादाय नोंदणी क्रमांक खरा होता, ८०जीचा क्रमांक खरा होता, फक्त क्यूआर कोड दुसऱ्याचा होता. ‘कंपनीला सादर करायचे आहे’ म्हणून त्या इसमाने आमच्याकडून कोऱ्या लेटरहेडवर सह्या, प्रमाणपत्रांच्या प्रती आणि रुग्णांची माहिती नेली होती, तिचा हा उपयोग झाला होता.

त्या आवाहनावर आमच्याकडील एका तरुणाच्या शय्याव्रणाचे छायाचित्र होते, चेहऱ्यासकट. ते छायाचित्र परिचारिकेने जखमेची प्रगती डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले होते. ते किती अनोळखी मोबाइलांवर फिरले असेल याची मोजदाद नाही. आम्ही त्याच्या घरी जाऊन सारे सांगितले. त्याच्या आईने विचारले, “दादा, पैसे गेले ते गेले, पण ह्याचा फोटो आता परत कसा आणणार?” याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. तेव्हापासून चेहरा दिसणारे वैद्यकीय छायाचित्र न्यासाबाहेर द्यायचे नाही, आणि आवाहनासाठी कोणतेही छायाचित्र वापरायचे तर त्या व्यक्तीची त्या कारणापुरती लेखी संमती घ्यायची, असा ठराव आम्ही केला आहे.

पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड अन्वये गुन्हा नोंदवला. १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही तक्रार केली. पण पैसे गेल्यानंतर पहिल्या काही तासांत तेथे फोन केला तरच रक्कम खात्यात गोठवली जाण्याची खरी शक्यता असते, आणि आमच्या बाबतीत तो वेळ केव्हाच निघून गेला होता. धर्मादाय आयुक्त कार्यालयाला लेखी कळवले, आणि जुन्या देणगीदारांना आमचे खरे खाते कोणते ते पत्राने सांगितले. देणग्यांचा पैसा असा जाणे कोणत्याही विश्वस्ताला सहन होण्यासारखे नाही, म्हणून ती रक्कम आम्ही विश्वस्तांनी आपापल्या खिशातून न्यासात भरली. तक्रारीनंतर महिनाभरात ‘सायबर विभागातून बोलतो, तुमचे पैसे सापडले आहेत, प्रक्रिया शुल्क भरा’ असाही फोन आला. एकदा फसलेल्यांचे क्रमांक पुढे विकले जातात, असे तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितले.

याच धर्तीचा, पण याहून घातक असा एक प्रस्ताव दुसऱ्या एका संस्थेला मिळाल्याचे नंतर समजले: निधी खरोखर जमा होईल, मात्र त्यातला ठरावीक हिस्सा रोखीने परत करायचा. तेथे संस्था स्वतःच गुन्ह्यात भागीदार होते, आणि विश्वस्तांवर कारवाई होऊ शकते.

देणगीदारांना एवढेच सांगायचे आहे की नोंदणी क्रमांक खरा असणे पुरेसे नाही. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. तेथे संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव असेल तर व्यवहार थांबवावा आणि संस्थेच्या कार्यालयात फोन करावा. ज्या संस्थांना जानेवारी २०२५ नंतर घरपोच सेवेच्या सीएसआर प्रकल्पाची अशी मंजुरीपत्रे आली असतील, त्यांनी ईमेल, पाकिटे आणि पैसे पाठवलेल्या खात्यांचे तपशील नष्ट न करता जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावेत, कारण वेगवेगळ्या तक्रारींत तेच खाते आढळले तर तपास लवकर पुढे सरकतो, असे आम्हाला सांगण्यात आले आहे.