टिंग-टाँग थांबलं, पण श्रेय निम्मंच हबचं: नऊ महिन्यांचा अनुभव

कराडजवळच्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवसाला पंधरा-वीस गिऱ्हाइकांचे फोन माझ्या कॉम्प्युटरला लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणावं, तर पासपोर्ट फोटोची पार रया जाते. शिवाय स्वतःची कागदपत्रं दुकानाच्या नंबरवर पाठवायला बऱ्याच जणांचं मन होत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून केबल.

पण फोन लावला की टिंग, चार सेकंदांनी टाँग. फोल्डर उघडून फोटो दिसेपर्यंत फोन गायब. मी ठरलेलं उत्तर द्यायचो, "तुमच्या फोनची पिन गेलीय." गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, घरी तर झकास चार्ज होतोय की!" आणि ते खरं बोलत होतं. किती जणांना मी उगाच मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं पिटाळलं, ते आठवलं की ओशाळायला होतं.

शंका आली ती अंगठ्याच्या मशीनमुळं. फोन लावला की त्याच क्षणी त्या मशीनचाही लाल दिवा विझायचा. सीपीयू काउंटरखाली, तिथून दीड मीटरची एक्स्टेंशन वायर वर आणलेली, तिच्या टोकाला चार तोंडांचा साधा हब, म्हणजे एका यूएसबी तोंडाची चार तोंडं करणारी डबी. त्याला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नाही. त्यात कीबोर्ड, माउस, अंगठ्याचं मशीन आणि उरलेल्या तोंडाला गिऱ्हाइकाचा फोन. यूएसबी २.० चं तोंड नियमानं ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतं. बिनअ‍ॅडॅप्टरचा हब त्यातलेच १०० स्वतःला ठेवतो आणि बाकीच्या चौघांना १००-१०० वाटतो. चार तोंडांच्या पुढचे असले हब नियमात का बसत नाहीत, त्याचं गणित हेच. आणि फोन आल्या आल्या एकटाच ५०० मागतो. एका भाकरीवर पाच जण बसवले होते मी.

मग अ‍ॅडॅप्टरवाला सात तोंडांचा यूएसबी ३.० हब मागवला, अडीच हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत आणि असल्या बऱ्याच हबांची तऱ्हा साधारण अशीच असते. अ‍ॅडॅप्टर ५ व्होल्ट ४ अँपिअरचा. यूएसबी ३.० च्या एका तोंडाचा हक्क ९०० मिलिअँपिअर, म्हणजे सातांचे ६.३ अँपिअर झाले. अ‍ॅडॅप्टर देतो चार. तेव्हा खोक्यावर सात लिहिलं असलं तरी जड माणसं चारच बसतात. माउस-कीबोर्ड किरकोळ खातात म्हणून माझं निभावतं.

पहिल्या दिवशी दहातले सात फोन टिकले. अंगठ्याचं मशीन तर त्या दिवसापासून एकदाही झोपलेलं नाही. उरलेले तीन फोन मात्र तसेच, टिंग-टाँग.

भाच्यानं सी-टाइपचा बोटभर मीटर आणला होता, काहीशे रुपयांचा. केबल आणि फोन यांच्या मधे तो खोचायचा, की फोनच्या तोंडाशी किती व्होल्ट पोचतात ते दिसतं. माझी जुनी केबल दोन मीटर लांब, काउंटरच्या पलीकडं पोचावी म्हणून घेतलेली. फोननं ०.८ अँपिअर ओढायला सुरुवात केली की आकडा ५ वरून थेट ४.३२ वर. तिथं फोन दचकायचा आणि ओढणं बंद करायचा. आकडा परत ५ वर, फोन परत लागायचा. टिंग, टाँग, टिंग. ती आमची दुकानातली घंटा म्हणजे हाच खेळ होता. मग अर्ध्या मीटरची जाड केबल लावली. तोच फोन, तोच हब, आकडा ४.८९. गप्प बसला.

केबल घेताना हे बघा: बऱ्याच केबलींच्या अंगावर बारीक अक्षरात २८एडब्ल्यूजी/१पी, २४एडब्ल्यूजी/२सी असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा (इथं २८) डाटाच्या तारांचा, दुसरा (इथं २४) पॉवरच्या. आकडा लहान तितकी तार जाड. पॉवरलाही २८ असेल तर ती केबल लांब घेऊ नका. काही छापलेलंच नसेल तर दुकानदाराच्या "वरिजिनल आहे" या शब्दावर सोडा. काही केबलींत तर डाटाच्या तारा नसतातच, फक्त चार्जिंग होतं. असल्या दोन माझ्या ड्रॉवरमध्ये निघाल्या. त्यांना गाठ मारून ठेवलीय.

आता हबच्या खोडी.

कडेचं एक तोंड लाल रंगाचं आहे, फक्त चार्जिंगचं. फोन तिथं भराभर चार्ज होतो पण कॉम्प्युटरला दिसत नाही. पहिले दोन दिवस मी तिथंच फोन लावून हबला शिव्या देत होतो. माहितीपत्रकात लिहिलं होतं, वाचतो कोण!

दुसरी खोड जरा गंभीर. रात्री सीपीयूचं बटण भिंतीवरूनच बंद केलं, तरी त्याच्या तोंडावरचा निळा दिवा मिणमिणत होता. आधी वाटलं डोळ्यांचा भास. हबचा अ‍ॅडॅप्टर काढला, दिवा विझला. म्हणजे हब आपला करंट उलटा सीपीयूत ढकलतोय. चांगल्या हबमध्ये हे अडवलेलं असतं, यात नाही. आता दोघं एकाच बोर्डवर आहेत आणि रात्री एकच बटण बंद होतं.

आणि तो बोर्ड यूपीएसवर आहे, हेही ठेच लागल्यावर सुचलं. आधी अ‍ॅडॅप्टर साध्या प्लगला होता. पावसाळ्यात लाईट गेली, कॉम्प्युटर यूपीएसवर चालू, हब मात्र आडवा. एका आजोबांचा अंगठा चौथ्या प्रयत्नाला कसाबसा घेतला जात होता, नेमका तेव्हा. त्यांनी बोट बाजूला घेतलं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, "राहू दे, उद्या येतो."

ब्रॉडबँड गेलं की मी माझ्या फोनचं नेट केबलनं कॉम्प्युटरला देतो. जुन्या हबवर तासाभरात फोनची बॅटरी उतरायची, चार्जिंगचं चिन्ह दिसत असूनही. जेवढं येतंय त्याहून जास्त खर्च. आता निदान आहे तिथं राहते.

हब घेण्याआधी फुकटातले उपाय करून बघा. फोन सीपीयूच्या मागच्या तोंडाला लावा. ती मदरबोर्डवरच बसवलेली असतात, पुढची आतल्या वायरनं आणलेली असतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे रिकामं बसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सोय, बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू देणारी खूणही काढा. फोन अनलॉक करून फाइल ट्रान्सफर निवडलंय ना तेही बघा, निम्मे लोक तिथंच अडकतात. पिनेत खिशातला कापूस साचतो, तो फोन बंद करून लाकडी टूथपिकनं काढा, टाचणीनं नको. आणि "पॉवर सर्ज" असा इशारा आला तर फोन लगेच काढा. मला तो एकदाच आला, पिन वाकलेल्या फोनमुळं. ते तोंड कॉम्प्युटर पूर्ण बंद करून प्लग काढेपर्यंत मेलेलंच होतं.

हबला पाचात साडेतीन देईन. मीटर आणि जाड केबल आधी घेतली असती, तर चार तोंडांचा स्वस्तातला अ‍ॅडॅप्टरवाला हबही मला पुरला असता. रोजच्या लावण्या-काढण्यानं सहावं तोंड आता ढिलं पडलंय. तिथं माउस लावलाय, तो कुठं जात नाही.