वर्डप्रेस की ड्रुपल? साइट सांभाळणाऱ्याच्या नजरेतून

वर्डप्रेस आणि ड्रुपल ही वेबसाइट बनवायची आणि चालवायची सॉफ्टवेअर. साइट उभी करणं दोन्हींत जमतं. खरा फरक कळतो तो सांभाळताना. वर्डप्रेसमध्ये २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून सुरक्षेचे छोटे अपडेट आपोआप बसतात. एकट्याने साइट चालवणाऱ्याला हा फार मोठा आधार आहे. ड्रुपलमध्ये ते काम सहसा आपल्यालाच करावं लागतं, आणि तिथे हयगय चालत नाही. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधली गंभीर त्रुटी जाहीर झाली. सात तासांत पॅच (दुरुस्तीचा अपडेट) न लावलेली साइट हॅक झाली असंच धरा, असं नंतर ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच कळवलं होतं.

साइट मराठी-इंग्रजी असेल तर मात्र पारडं ड्रुपलकडे झुकतं. अनुवादाची पूर्ण सोय आवृत्ती ८ पासून गाभ्यातच, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे; वर्डप्रेसला त्यासाठी पॉलिलँगसारखं प्लगइन (वरून जोडायचं सॉफ्टवेअर) लागतं.

पानाच्या पत्त्याचंही तसंच. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून स्लग (पत्त्याचा शेवटचा भाग) बनवतं, पण देवनागरीचं एकेक चिन्ह साठवताना ९ जागा खातं आणि मर्यादा २०० ची. काना-मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हं मावतात, पुढचं शीर्षक कापलं जातं. म्हणून लेख प्रकाशित करण्याआधी मी स्लग हाताने रोमन लिपीत टाकते. ड्रुपलमध्ये पाथऑटो मॉड्यूल (ड्रुपलचं प्लगइन) हे लिप्यंतर स्वतः करतं.

तरीही महिन्याला चार लेख टाकणाऱ्या गावच्या वाचनालयाला मी वर्डप्रेसच सुचवेन. ड्रुपल घ्यायचं तर अपडेट कोण करणार, तो माणूस आधी ठरवा.